दिवाळीच्या सुट्टीतले वाचन : नियम, पोटनियम व सवलती

दिवाळीत वाचायची पुस्तके घट बसल्यानंतर आणि भाजणी दळून येण्याआधी निवडावीत. एकदा भाजणी घरात आली, की हातात पुस्तक असलेला माणूस 'रिकामा' ठरतो आणि रिकाम्या माणसाच्या हातात सोऱ्या दिला जातो.

आधी वेळेचा हिशेब मांडावा. वसुबारस ते भाऊबीज हा आकडा कालनिर्णयवर भरघोस दिसतो. त्यातून पहाटेची अभ्यंगस्नाने, आकाशकंदिलाची न पेटणारी वायर, बत्तासे विसरले म्हणून ऐनवेळी बाजारात मारलेली खेप, सासुरवाडीचा पाडवा आणि बहिणीकडची भाऊबीज वजा करावी. उरतात त्या दुपारी, त्याही श्रीखंडानंतरच्या. म्हणून लेखक, प्रकाशक, पुरस्कार या गोष्टी दुय्यम मानून पहिल्यांदा पुस्तकाचे वजन पाहावे. दुकानातच ते एका हाताने चेहऱ्यावर उंच धरून बघावे. अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत हात वर करायला जागा मिळाली, तर तुमच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' (२०१०) सहाशे पानांची आहे, ती उताणे पडून वाचू नये. प्रश्न नाकाच्या हाडाचा आहे. त्यांचीच 'कोसला' (१९६३) तुलनेने निर्धोक. ती त्यांनी पंधरवड्यात लिहून काढली असे सांगतात. तेव्हा लिहायला पंधरवडा, तर वाचायला सुट्टी पुष्कळ झाली, असा हिशेब दरवर्षी कोणीतरी करतोच.

दुसरे, दिसण्याची पुस्तके आणि वाचण्याची पुस्तके यांची सरमिसळ होऊ देऊ नये. दिसण्याचे पुस्तक टीपॉयवर, फराळाच्या ताटापासून वीतभर अंतरावर ठेवावे आणि त्यात तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाजवळ खूण घालावी. अगदी सुरुवातीला घातलेली खूण संशयास्पद दिसते. पाहुण्यांनी विचारलेच, तर 'वाचतोय' म्हणू नये, 'पुन्हा वाचतोय' म्हणावे. यावर समोरचा बहुधा 'हो का, मीही पुन्हाच वाचायला घेणार आहे' म्हणतो आणि दोन अनुभवी वाचक समाधानाने चिवड्याकडे वळतात. धोका फक्त त्या दूरच्या काकांचा असतो, ज्यांनी ते पुस्तक खरोखर वाचलेले असते. ते येताना दिसले की टीपॉयवर फक्त करंज्या ठेवाव्यात.

आता मुख्य विषय, दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाने फराळाशेजारी साहित्य मांडायची सोय करून ठेवली. शंभराहून अधिक वर्षे चाललेली ही गोष्ट थट्टेची नाही. वर्षभर कवितेच्या वाटेला न जाणारी माणसे या आठवड्यात निदान तिची पाने उलटतात, हे मला फार मोठे वाटते. पण अंक विकत घ्यायचा म्हणजे एकेकाला तीनशे-चारशे रुपये मोजायचे. त्यापेक्षा वाचनालयाची योजना लावावी. मात्र योजना लावणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे, की 'आवाज' नेहमी बाहेर गेलेला असतो. दोन महिन्यांनी तो हाती पडतो, तेव्हा त्याच्या प्रसिद्ध खिडक्यांची तावदाने आधीच्या रसिकांनी उचकटलेली असतात. आतले गुपित सगळ्या गावाला आधीच कळलेले.

सोसायटीत प्रत्येक बिऱ्हाडाने एक अंक घ्यायचा आणि फिरवायचा, हा तोडगा ऐकायला उत्तम आहे. प्रत्यक्षात सगळेजण वैचारिक अंक दुसऱ्याने घ्यावा या मताचे असल्यामुळे चार घरी एकच विनोदी अंक येतो. 'साधना' कोणी घ्यायचा, हा विषय पाण्याच्या टाकीच्या बरोबरीने सर्वसाधारण सभेत मांडावा.

अंक हाती आल्यावर वाचनाचा क्रम असा ठेवावा : राशिभविष्य, व्यंगचित्रे, पुन्हा राशिभविष्य (या खेपेला बायकोचे किंवा नवऱ्याचे), बँकांच्या आणि मसाल्यांच्या जाहिराती, मग ओळखीच्या कोणाची कथा आली आहे का ते. परिसंवाद शेवटी. परिसंवादाला विषय भारदस्त आणि पाने भरपूर लागतात, म्हणून तो पाडव्याच्या जेवणानंतरच घ्यावा. तिसऱ्या वक्त्यापर्यंत झोप लागते. ही टीका समजू नये. झोपेच्या गोळीला डॉक्टरची चिठ्ठी लागते.

अमेरिकेहून आलेल्या भाचीला अंक भेट देण्याआधी तिच्या बॅगेची चौकशी करावी. तेवीस किलोंत भाजणी, मेतकूट आणि आईने घुसडलेली पितळी समई बसल्यावर जागा उरते ती एका अंकापुरती. तिथे आपल्या आवडीचा अंक देऊ नये, तिच्या आवडीचा द्यावा. ही साधी गोष्ट मामालोकांना का जमत नाही, कोण जाणे.

मुलांसाठी 'संस्कारक्षम' असे शिक्के मारलेली पुस्तके आणू नयेत. बालभारतीचे 'किशोर' १९७१पासून निघते आहे. ते आणून मुलांसमोर न धरता नुसते घरात पडू द्यावे, आणि जाड 'मृत्युंजय' माळ्यावर ठेवून 'तुला नाही झेपायची' एवढेच म्हणावे. पुढची व्यवस्था मुले करतात.

इतके सगळे पाळूनही कोणाला खरोखर काही वाचायचेच असेल, तर त्या अपवादात्मक ग्राहकासाठी एक सवलत आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घर रिकामे होते, डब्यात चुऱ्याखेरीज काही उरत नाही आणि कोणी फोन करत नाही. त्या दिवसासाठी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) राखून ठेवावी. एवढीशी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि चक्रधर व हॅर्टा यांचे मुक्काम येईपर्यंतचे प्रेम. किंवा माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्यावी. तीही एका बैठकीची, आणि तिच्यातल्या दुष्काळापुढे आपल्या डब्यातला चुरा चैनीचा वाटतो. दोन्ही एका हातात मावतात, नाकाला धोका नाही. मधे चहाला हाक आली, तर ओ देऊ नये.