कॉमिक्स कसं वाचावं : प्रौढ नवशिक्यांसाठी सूचना

ही मार्गदर्शिका मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांना तिची गरज नसते. आठ वर्षांचं पोर कॉमिक हातात घेतं, पालथं पडतं आणि पानात शिरतं. अडचण पुढे येते. दहावी होते, नोकरी लागते, घराचे हप्ते सुरू होतात, आणि माणसाची समजूत होते की ज्या पुस्तकात चित्रं जास्त, त्यात अक्कल कमी. अशी समजूत असलेल्यांनी पुढील सूचना क्रमाने पाळाव्यात. क्रम चुकला तरी हरकत नाही, आमचाही मध्येच चुकणार आहे.

साहित्य : एक कॉमिक, भरपूर उजेड, आणि कुणी अचानक खोलीत आलं तर चेहऱ्यावर आणायचा एक भाव. ही तिसरी वस्तू बाजारात मिळत नाही, आरशासमोर तयार करावी लागते. कपाळावर किंचित आठी, हनुवटीखाली हात, परीक्षण लिहायला घेतल्यासारखी नजर. पुस्तक जाड, इंग्रजी आणि सातशे-आठशे रुपयांचं असेल, तर भावाची गरज नाही. पाहणारेच आपोआप हळू आवाजात बोलतात. ते पातळ असेल, त्याला पिना मारलेल्या असतील आणि मुखपृष्ठावर घट्ट जांभळ्या कपड्यांतला बुरखेधारी माणूस कुणाच्या तरी जबड्यावर ठोसा लगावत असेल, तर ‘एवढा घोडा झालास तरी’ हे ऐकून घ्यावं लागेल. उत्तर देऊ नका. पान उलटा.

आता वेग. प्रौढ नवशिका बत्तीस पानांचं कॉमिक सात मिनिटांत संपवतो आणि विचारतो, “झालं? एवढंच?” या गृहस्थांनी फक्त फुगे वाचलेले असतात. चित्रं म्हणजे फुगे टांगायच्या खुंट्या, असा त्यांचा हिशेब. म्हणून पहिला नियम असा की पहिल्या फेरीत एकही फुगा वाचायचा नाही.

सरावासाठी एर्जेचं ‘टिनटिन इन तिबेट’ घ्यावं. पुस्तकरूपात ते १९६० साली आलं. सुरुवातीला मंडळी विमान बदलण्यासाठी दिल्लीत थांबतात, आणि कॅप्टन हॅडॉक रस्त्यात बसलेल्या गायीशी वाद घालायला जाऊन व्हायची ती शोभा करून घेतात. इथे हसून घ्या, कारण पुढे बर्फ आहे. पानंच्या पानं पांढरी, त्यात दोन-तीन ठिपक्यांएवढी माणसं. एर्जेला त्या काळात पांढऱ्या रंगाची दुःस्वप्नं पडत होती, आणि ती त्याने तशीच कागदावर उतरवली म्हणायला हरकत नाही. या पुस्तकात खलनायक नाही. बेपत्ता झालेला एक मित्र आहे, त्याला शोधायला निघालेला दुसरा आहे, आणि मध्ये हिमालय. फुगे झाकूनही ही गोष्ट नव्वद टक्के कळते. उरलेले दहा टक्के म्हणजे हॅडॉकच्या शिव्या. त्या दुसऱ्या फेरीत मोठ्याने वाचाव्यात.

पुढची पायरी म्हणजे दोन चौकटींमधली पांढरी पट्टी. नवशिके तिला छपाईतली मोकळी जागा समजतात. एका चौकटीत वेताळाने मूठ उगारलेली असते, पुढच्या चौकटीत गुंड जमिनीवर आडवा आणि त्याच्या जबड्यावर कवटीचा ठसा. ठोसा चित्रात कुठेच नाही. तो त्या पट्टीत बसला, आणि तो तुम्ही मारलात. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकाराने १९९३ साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ लिहून हाच मुद्दा सविस्तर मांडला आहे. ते पुस्तकही त्याने कॉमिकमध्येच काढलं आहे, स्वतःचं चष्मेवालं पात्र करून. सिद्धान्ताची भीती वाटणाऱ्यांनी ते घ्यावं.

वेताळाचा विषय निघालाच आहे, तर प्राथमिक अभ्यासक्रम उरकून घेऊ. तो लांबणार. वेताळ म्हणजे ली फॉकने १९३६ साली जन्माला घातलेला फँटम. त्याआधी दोन वर्षं याच गृहस्थाने मँड्रेक जादूगार निर्माण केला होता. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, आणि वेताळ मराठीतही बोलू लागला. १९९० पर्यंत हा कारखाना चालला. नवशिक्याने काही गोष्टी गृहीत धराव्यात. वेताळाला बुबुळं नसतात. तो एकविसावा आहे. चारशे वर्षांपूर्वी पहिल्याने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो. त्या पोशाखाची धुलाई कोण करतं, हा प्रश्न विचारणाऱ्याने सरळ कादंबऱ्यांकडे वळावं. त्याच्या देशाचं नाव मुळात बंगालच्या नावाशी फार मिळतंजुळतं होतं. इंद्रजालने त्याचं डेंकाली करून टाकलं. बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठं आतल्या चित्रांपेक्षा अनेकदा सरस असत, त्यामुळे मुखपृष्ठावर पाच मिनिटं थांबायचं. आत मूळच्या वर्तमानपत्री पट्ट्या कापूनकोंबून बसवलेल्या असत. गोष्ट मध्येच उडी मारते असं वाटलं, तर दोष तुमच्या आकलनाचा नाही. कात्री चालली आहे.

आणि हो, गोरा माणूस आफ्रिकेच्या जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसून काळ्या लोकांचा न्याय करतो, हे आज वाचताना दाताखाली खडा येतो. टिनटिनच्या काँगोच्या सफरीत तर खडेच जास्त, भात कमी. ते जाणवत नसेल तर तुम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहात.

इंद्रजालमध्ये १९७६ साली आलेला बहादूर मात्र इथलाच. केशरी कुडता, खाली जीन्स, बाप डाकू, आणि हा डाकूंविरुद्ध गावकऱ्यांना उभं करणारा. त्याचे जनक आबिद सुरती. सुरतींनी पुढे उतारवयात मीरा रोडला प्लंबरला सोबत घेऊन रविवारी घरोघर गळके नळ दुरुस्त करण्याचा उद्योग चालवला. नायक निर्माण करणारा लेखक स्वतः असा निघाला, की त्या नायकाकडे नव्याने बघावं लागतं. बहादूरचे अंक हाती लागले तर सोडू नका.

ज्यांच्या घरी कॉमिक्सला बंदी होती, त्यांनाही ‘अमर चित्रकथा’ चालत असे. अनंत पै यांनी १९६७ साली ही माला सुरू केली. पालकांना वाटे पोर पुराण वाचतंय, आणि पोर बघत असे राक्षसाचे दात. या मालेतला अभ्यास वेगळाच आहे : चित्रकाराचं नाव शोधणे. ते बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही. ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. ‘टिंकल’ १९८० साली निघालं, त्यातला सुपंडीही त्यांच्याच हातचा. एकाच माणसाने गोवर्धन उचलणारा बाळकृष्ण काढायचा आणि मालकाचा निरोप अक्षरशः पाळून घोटाळा करणारा नोकरही. टोपी डोळ्यांवर ओढलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांचा. शंभूचे डोळे दिसत नाहीत आणि तरीही तो घाबरला आहे हे लगेच कळतं. कसं, ते शोधा. (खांदे. फक्त खांदे.) आपल्याकडे गायकाचं घराणं सांगता येणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात, पण ज्या हातांनी भीम-अर्जुनाचे चेहरे आपल्या डोक्यात कायमचे बसवले, त्या हातांची नावं विचारली की शांतता.

सुपरहिरोंबद्दल एवढंच : मेले तर रडू नका, ते परत येतात. अपवाद अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’, १९८६-८७ मधलं. त्यात पानावर बहुतेक वेळा नऊ सारख्या चौकटी असतात, आणि घड्याळाच्या ठोक्यासारखा तो ताल मोडला, की समजावं काहीतरी भयंकर घडणार. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. ज्याला आपण शेवटचं पान म्हणतो तिथून सुरू करायचं. पहिले दोन दिवस गुन्हेगार आधी पकडला जातो आणि खून नंतर होतो, मग सवय लागते. ‘अॅस्टेरिक्स’ दारावरची घंटा वाजण्याची शक्यता नसेल तेव्हा घ्या. प्रत्येक गर्दीच्या चित्रात कोपऱ्यात कुणीतरी कुणाला तरी मासा फेकून मारत असतो.

मराठी वाचकासाठी खास परीक्षा ‘भीमायन’ची. २०११ साली नवयानने काढलेलं हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारलं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. आंबेडकरांची ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मसूर स्टेशनवर उतरलेली मुलं, वडिलांचा पत्ता नाही, जात कळताच दूर सरकणारा स्टेशनमास्तर, बैलगाडी, आणि रात्रभर न मिळणारं पाणी. पुढे बडोदा, पुढे महाड. म्हणूनच हे पुस्तक कठीण. गोष्ट माहीत असल्यामुळे शब्दांमागे लपायची सोय राहत नाही, बघावंच लागतं.

इथे चौकटी नाहीत. माणसांना डब्यात कोंबलं की ती गुदमरतात, अशी चित्रकारांची भूमिका होती. त्यांना श्वास घ्यायला जागा हवी होती, म्हणून गोंड घरांच्या भिंती-अंगणांत काढायची डिग्ना नक्षी पानभर वळत जाते आणि तीच प्रसंगांना वेगळं करते. आता फुगे बघा. हो, पहिला नियम इथे रद्द. साध्या, सोसणाऱ्या माणसांचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं. ज्याच्या शब्दात विष आहे, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. आपण लहानपणापासून ऐकलेली “लांब उभा राहा” अशी वाक्यं इथे नांगीसकट दिसतात. याच प्रकाशनाने त्याच वर्षी जोतीरावांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वरही चित्रकादंबरी काढली, ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. अपराजिता निनान यांची त्यातली चित्रं काळी-पांढरी आहेत आणि चांगलीच चिडलेली आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचावी. ओरिजित सेन यांचं नर्मदेवरचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ चं. धरणाच्या बाजूने बोलणारे पाहुणे यायचे असतील तेव्हा ते टीपॉयवर दिसेल असं ठेवा.

यानंतर ‘माऊस’. आर्ट स्पीगलमनने आपल्या बापाची हकिगत काढली आहे. बाप व्लादेक ऑशविट्झमधून वाचून आलेला पोलिश ज्यू. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. १९९२ साली या पुस्तकाला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला आणि जगभरच्या प्राध्यापकांना कॉमिक उघडपणे हातात धरता येऊ लागलं. लोकलमध्ये उभ्याने हे वाचू नये. छळछावणीची पानं तर आहेतच, पण माझ्या मते पुस्तकाचा जीव न्यूयॉर्कमधल्या म्हाताऱ्या व्लादेकमध्ये आहे : रस्त्यावर पडलेली वायर उचलून खिशात घालणारा, पै-पैवरून बायकोशी भांडणारा, मुलाला नकोसा होणारा. असा एक म्हातारा आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतो, आणि तो असा का झाला हे विचारायचं राहून जातं. दुसऱ्या भागात लेखक स्वतःला उंदराचा मुखवटा बांधलेला दाखवतो. मुखवट्याची दोरी कानामागे दिसते. ती दोरी दिसली नाही, तर पुन्हा वेगाच्या सूचनेकडे जा.

चव बदलण्यासाठी ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो १९९१ साली ‘सकाळ’मध्ये आणला. दोन-चार चौकटी, रोज. मोठ्या पुस्तकांनी जड झालेलं डोकं यावर उतरतं. शिवाय दोन-चार चौकटींत विनोद बसवून दाखवा, मग कळेल.

खरेदीविषयी थोडक्यात. नवी पुस्तकं दुकानात मिळतात, त्याला मार्गदर्शन नको. जुन्यांसाठी माटुंग्याचं किंग्ज सर्कल, फोर्टातला फूटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्या आणि कुठल्याही गावातला रद्दीवाला. ढीग उपसताना कपडे जुने घाला. नवे दिसले की भाव वाढतो. पिनांना गंज, वाचनालयाचा जांभळा शिक्का, कुणा अज्ञात बालकाने पेन्सिलने काढलेल्या मिशा, या गोष्टी चालतील. जाहिरातीचं कूपन कापलं आहे का, ते मात्र बघून घ्या, कारण त्याच्या पाठीमागे नेमका खुनी सापडतो. दहा-बारा अंक एकत्र बांधून केलेला ठोकळाही संशयाने उघडा. पूर्वी जपून ठेवणारे पालक असं बाइंडिंग करून घेत, आणि बाइंडर शिलाईत आतला समास गिळून टाकी. मग प्रत्येक डाव्या पानावर वेताळाचा अर्धाच हात.

शेवटची सूचना उसनं देण्याबाबत. तुम्ही वाचता हे कळलं की मागणारे येतात. कालपर्यंत ‘घोडा झालास’ म्हणणारेच पहिले. चिंटूचे संग्रह बिनधास्त द्या, ते परत येतात, वरणाचे डाग घेऊन का होईना. ‘माऊस’चा पहिला भाग द्या, आणि तो हातात आल्याशिवाय दुसरा दाखवूसुद्धा नका. ‘भीमायन’ नेणाऱ्याला ती नांगी कुणाच्या फुग्याला होती, हे परत करताना विचारा. इंद्रजालचे अंक? ते तुमच्याकडे नाहीतच.