पूलकाका

वसई-विरार पट्ट्यात ज्या गृहसंकुलाला पोहण्याचा तलाव असतो, तिथे पूलकाका असतातच. तलाव साफ करणारा रोबो सोसायटीत आला की आठवड्याभरात ते आपोआप उगवतात. त्यासाठी निवडणूक लागत नाही. वय साठीपुढचं, गुडघ्यापर्यंत चड्डी, खिशात टेस्टर. नोकरीची सगळी वर्षं विरार लोकलला लटकून काढलेली असल्यामुळे प्रत्येक बिघाडाचं निदान ते रेल्वेच्या भाषेत करतात. मूळचे वसईतलेच असले, तर ‘आमच्या वाडीतल्या बावखलाला कोणी कधी झाडू मारला होता?’ हा प्रश्न ते सभेत एकदा विचारतात. बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, बेडूक आणि मासे विनावेतन कामाला होते, हे खरंच. पण प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला की पूलकाका रोबोचा ताबा घेतात.

यंत्र तसं साधं. काठावरची पेटी 230 व्होल्ट विजेचे तीसेक व्होल्ट करते आणि तरंगत्या केबलमधून पाण्यातल्या धडाला पुरवते. धडात चाकं-ब्रश फिरवणारी मोटर आणि पंपाचा पंखा. पंखा तळाचं पाणी ओढतो, जाळीतून गाळतो, वर फेकतो. वर फेकण्याच्या त्या जोरामुळेच यंत्र तळाला दाबून राहतं. भिंतीवर चढतं तेही त्याच बळावर.

रोबो सुरूच झाला नाही, तर पूलकाकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: “मदरबोर्ड गेला.” प्रत्यक्षात सॉकेटमध्ये वॉचमनच्या मोबाइलचा चार्जर असतो. चार्जर नसला, तर दमटपणामुळे वीजगळतीचा ब्रेकर पडलेला असतो. पेटी पाण्यापासून तीन-साडेतीन मीटर लांब आणि सावलीत ठेवायची असते. पूलकाका ती पाण्याशेजारच्या आपल्या खुर्चीखाली ठेवतात, कारण आवाजावरून तब्येत कळते असा त्यांचा दावा असतो.

रोबो बुडत नाही, तराफ्यासारखा तरंगतो, तेव्हा त्याच्या पोटात हवा अडकलेली असते. पाण्याखाली धरून, उलटापालटा करून ती बुडबुड्यांवाटे जाऊ द्यायची. गणपती विसर्जनाला तीनदा बुडवून वर काढण्याची रीत पूलकाकांना जन्मापासून पाठ. पण रोबोला ते काठावरून सरळ ढकलतात आणि मग कंपनीला फोन लावतात.

तो एकाच कोपऱ्यात घुटमळू लागला, की “हा विरार-वसई शटल मारतोय, बोरिवलीपर्यंत जातच नाही,” असा निकाल मिळतो. केबलला पीळ पडला की तीच रोबोला एका अंगाला ओढते. ती पूर्ण लांबीत उन्हात पसरली की पीळ बराचसा सुटतो. पूलकाका ती पार्किंगमध्ये पसरतात आणि दोन तास प्रत्येक स्कूटरवाल्याला फाटकवाल्यासारखे थांबवून ठेवतात. ब्रश झिजला असेल किंवा एका बाजूचा पट्टा अडकला असेल तरीही यंत्र गोल फिरतं, पण तिकडे पाहायची वेळ दुपारच्या झोपेनंतर येते.

त्यांची खरी कसोटी भिंतीवर. रोबो अर्धी भिंत चढून परत घसरतो, आणि पूलकाका चढाच्या कोनाबद्दल बोलू लागतात. दहांतल्या नऊ वेळा कारण एकच: भरलेली जाळी. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या बाजूला वाऱ्याबरोबर सुरूच्या सुया येऊन पडतात. त्या जाळीत आडव्या बसल्या की चटई विणली जाते, पाण्याचा ओढा मंदावतो, पकड सुटते. जाळी प्रत्येक फेरीनंतर नळाखाली धुवायची, एवढाच इलाज. पण जाळी धुणं हे हाउसकीपिंगचं काम आणि स्क्रू उघडणं हे इंजिनिअरिंग, अशी वर्णव्यवस्था पूलकाकांनी घालून दिलेली आहे. त्यामुळे स्वच्छ जाळीअभावी रोबो आठवड्यातून दोनदा खोलला जातो आणि दर वेळी एक स्क्रू उरतो. पंख्यात केस किंवा राखीचा दोरा सापडला, की मात्र त्यांचा चेहरा उजळतो. “बघा, विरार फास्टमध्ये बोरिवलीवाला चढला होता!” (प्लग काढल्याशिवाय पंख्याला बोट लावू नये, हे त्यांना सूनबाई गॅलरीतून ओरडून सांगतात.)

भिंत शेवाळानं बुळबुळीत झाली असेल, तर नवं यंत्रही घसरतं. पाण्याचा पीएच 7.2 ते 7.6 आणि मोकळं क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम हवं. पूलकाका पाणी तळहातावर घेऊन वास घेतात आणि “ठीक आहे” म्हणतात.

एक तक्रार उरते: साफ केलेल्या जागी तासाभरानं पुन्हा राखाडी थर. आजूबाजूला टॉवर उभे राहत असतील, तर सिमेंटची पूड साध्या जाळीतून आरपार जाते. तिला बारीक विणीची जाळी लागते. तिचा खर्च मंजूर होण्यासाठी वार्षिक सभा लागते. तोवर पूलकाका बिल्डरला पत्रं लिहितात.

जूनमध्ये तलाव बंद होतो. जाळी काढून, केबल सैल वेटोळ्यांत गुंडाळून रोबो सावलीत, कोरड्या जागी ठेवायचा असतो. मीटर रूममध्ये ओल येते म्हणून पूलकाका तो स्वतःच्या गॅलरीत नेतात आणि लोकलच्या दिवसांतला आपला जुना रेनकोट त्याच्यावर घालतात.