महड आणि पालीच्या मधे इमॅजिका

"शनिवार-रविवारी जायचं नाही, एवढंच ठरलंय काकू. बाकी सगळं लटकू लागलंय."

शेजारची सूनबाई भिंतीवर कोपरं टेकून उभी होती. उस्मानपुऱ्यात बंगले पाडून अपार्टमेंटं उठली, तरी आमच्या गल्लीत कमरेएवढ्या भिंती अजून शिल्लक आहेत आणि त्यांच्यावर पापडांपेक्षा बातम्या जास्त वाळतात. यंदाची बातमी इमॅजिका पार्कची. परीक्षा संपल्या, मुलांना शब्द दिलेला. वर तिच्या नवऱ्यानं सात सीटची गाडी घेतलीय, ती गोपाल टीच्या चौकातून ऑफिसला आणि ऑफिसातून घरी एवढीच फिरते, हा टोमणा सगळ्या गल्लीनं मारून झालेला.

"मग अडलंय कुठं?"

"कुठं अडलं नाही ते विचारा. आईंची यादी झालीय."

यादीचं कारण भूगोलात आहे. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर, सांगडेवाडीला. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि त्याच पाली रस्त्यानं आणखी पुढं गेलं की बल्लाळेश्वर. अष्टविनायकातले दोन गणपती आणि मधे पाळणे. ज्यानं ही जागा निवडली त्यानं मराठी सासूचा विचार केला होता की नाही कोण जाणे, पण जागा बेतानं निवडली.

"आई म्हणू लागल्या, तिनशे किलोमीटर जायचं आणि गणपतीला वळसा घालून पाळण्यात बसायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण गं?"

"तुम्हीच की!"

आता मी कशाला काही म्हणते? पण यादी ऐकल्यावर म्हणावंसं वाटलं. महड आणि पाली ठीक. पण नगर रस्त्यानं निघालं की कायगाव टोक्याला गोदावरी-प्रवरेचा संगम लागतो, तिथं पुलावरून नाणं टाकायला थांबायचं. मग बाजूला देवगडचे दत्तगुरू. नेवाशात शिरलं तर ज्ञानेश्वरी जिथं सांगितली तो पैस खांब आणि मोहिनीराज. घोडेगावहून आत वळलं की शनि शिंगणापूर. शिरूर ओलांडलं की रांजणगावचा महागणपती अगदी रस्त्यावरच, त्याला तर 'येताना येऊ' असंही म्हणता येत नाही. लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याची एकवीरा. मी बोटं मोजली आणि म्हटलं, "अगं, हे सगळं केलं तर तुम्ही इमॅजिकाला पोचाल तेव्हा ते दार बंद करू लागलेले असतील."

"मुलगा तेच म्हणू लागलाय. तो म्हणतो, आजी, तू मला फसवून तीर्थयात्रेला न्यायलीस."

एकवीरा कटली, पायऱ्यांमुळे. गुडघ्यांनी जे साधलं ते आम्हा कुणाला साधलं नसतं.

पण खरी भानगड रस्त्याची. तिच्या नवऱ्याच्या डोक्यात समृद्धी महामार्ग बसलाय. सावंगीला चढायचं, 120 नं सोडायचं, इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा मुलांना दाखवायचा आणि आमण्याला उतरायचं. शेवटचा तुकडा 5 जून 2025 ला उघडल्यापासून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला मुंबईकडे काहीतरी काम निघायला लागलंय. आता आमणे कुठं? भिवंडीच्या अंगाला. तिथून खोपोलीला यायचं तर कल्याण, शीळ, पनवेल करत ट्रकांच्या रांगेतून खाली यायचं. नगर-पुणे-एक्सप्रेस वे हा सरळ रस्ता सोडून? मी तिला स्पष्ट सांगितलं: त्याला इमॅजिकाला जायचंच नाहीये, त्याला समृद्धीवर गाडी पळवायचीय.

"मी हेच बोलले तर म्हणतात, तुला रस्त्यातलं काय कळतं."

"टायर दाखवून घेतले का?"

हे विचारायचं कारण कोपऱ्यावरच्यांचा जावई. लग्नाला निघाला होता, समृद्धीच्या नाक्यावर टायर पाहिले, गुळगुळीत, आणि पाठवला माघारी. बायको शालू नेसलेली, मागं आहेराची भांडी. सासरी येऊन सांगितलं, "गर्दी फार होती म्हणून परतलो." गल्लीला खरं कळायला संध्याकाळ लागली नाही. पण ते माघारी पाठवणारे बरोबरच. सिमेंटचा सरळसोट रस्ता, मे महिन्याचं ऊन, टायर तापतो आणि त्या वेगाला फुटला तर सावरायला वेळ नसतो. शिवाय तासन्‌तास न वळणारा रस्ता, चालवणाऱ्याचे डोळे उघडे राहतात आणि तो झोपतो. नगर रस्त्यावर निदान इमामपूरचा घाट आहे, सुप्याला गाड्यांची वर्दळ आहे, शिव्या द्यायला समोर कुणीतरी असतं. आणि दर पाच-दहा किलोमीटरवर चहा मिळतो. समृद्धीवर चहासाठी आतुर झालेला नवरा काय करतो ते मी माझ्या घरी पाहिलंय, सांगत नाही.

तिच्या दिरानं तर वेगळीच मजा केली. टोलचा वर्षाचा पास काढला, तीन हजारांचा, आणि ग्रुपवर टाकलं की आता आपल्याला महाराष्ट्र फुकट. तो पास राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांचा. समृद्धीवर चालत नाही, पुणे-मुंबई एक्सप्रेस वेवर चालत नाही. म्हणजे भाऊ म्हणतो त्या रस्त्यानं गेलं काय किंवा आई म्हणतात त्या रस्त्यानं गेलं काय, मोठा टोल भरायचाच. ग्रुपवर अजून तो मेसेज तसाच आहे, कुणी काही बोलत नाही, फक्त अंगठे येऊ लागलेत.

घरात एकटे खुश आहेत ते तिचे सासरे. त्यांना कुणीतरी सांगितलं की इमॅजिका आता संगमनेरच्या मालपाणींकडे आहे. ही गोष्ट खरीच. 2013 साली ते उभं केलं मनमोहन शेट्टींनी, अ‍ॅडलॅब्जवाले, सिनेमाची रिळं धुण्याच्या धंद्यातून वर आलेले. म्हणून तर आत 'मिस्टर इंडिया'च्या नावाची राइड आहे. पुढं कर्ज वाढलं, करोनात दारं बंद राहिली आणि 2022 मध्ये मालपाणी समूहानं ते घेतलं. मालपाणी म्हणजे गायछाप जर्दा. आता सासऱ्यांच्या खिशात गायछापची पुडी आणि चुन्याची डबी किती वर्षं आहे ते त्यांनाही सांगता यायचं नाही. परवा व्हरांड्यातून मला म्हणाले, "वहिनी, त्या पाळण्याचा एक खांब माझा आहे. हिशोब केला तर तिकीट त्यांनी मला द्यायला पाहिजे."

"आणि आत पुडी नेऊ दिली नाही तर?"

तेव्हा ते गप्प झाले. तिकडचा विचार केला नव्हता.

आत काय काय नेऊ देत नाहीत यावर तर वेगळंच रामायण. बाहेरचं खाणं चालत नाही. सासूबाईंनी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, कैरीचं लोणचं असा बेत ठरवलाय आणि हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. सूनबाईचा डाव असा, की धपाटे सुप्याच्या पुढं एखाद्या झाडाखाली संपवायचे आणि उरलेले पार्किंगमध्ये. मी म्हटलं, सुप्याच्या पुढं नको, नगरच्या आधी संपव, उन्हात दशमीला वास येतो. कोपऱ्यावरचे दिवाळीत गेले होते, त्यांची म्हातारी पिशव्या राखत दिवसभर एका बाकावर बसली होती. तिकीट पूर्ण भरलेलं. घरी आल्यावर तिला विचारलं, काय पाहिलं, तर म्हणाली, "लोकांच्या चपला." आता त्या घरी इमॅजिकाचा विषय काढला की म्हातारी उठून आत जाते.

धाकट्याचं दुखणं निराळं. तिथं मुलांच्या तिकिटाला उंची मोजतात. म्हणजे खिडकीपाशी मूल जेवढं बुटकं तेवढं बापाचं भलं. पण आत नायट्रो आहे, ज्याच्यात पायाखाली फळी नसते, पाय हवेत लोंबकळत उलटं व्हायचं, त्याला उंची पूर्ण लागते. धाकटा सातवीत जाईल, काठावर आहे. बाप सांगतो, खिडकीपाशी गुडघे जरा वाकव. आणि हा रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलीनं खूण करतो, वाढलो का म्हणून. केस फुगवून उभा राहतो. मी म्हटलं, बाबा, खिडकीपासून नायट्रोपर्यंत चालत जाताना वाढ.

त्याच्याशी बोलायला मला आवडतं, कारण घरात अभ्यास करून निघालेला तो एकटाच. त्यानं सांगितलं की तिथं राजासौरसच्या नावाची पाण्यातली राइड आहे, आणि तो डायनासोर कुणाच्या कल्पनेतला नाही. हाडं गुजरातेत सापडली, 2003 मध्ये नाव ठेवलं, नावातच नर्मदा आहे. "काकू, तो आपलाच." मला बरं वाटलं. आमच्या वेळेला एस्सेल वर्ल्ड होतं, गोराईचं, 1989 चं. बोटीनं खाडी ओलांडून जायचं. आमच्याकडून शाळेची सहल गेली की येणारी मुलं महिनाभर बोटीचंच सांगायची, पाळणे विसरून. ते आता बंद पडलं, बाजूचं वॉटर किंगडम तेवढं उरलं.

"शिर्डी का नाही करत?" मी मधेच सुचवलं. शंभरेक किलोमीटर. तिथं पाण्याचं पार्क आहे, साईतीर्थ आहे, बाबा आहेत. सासूबाईही शांत, पोरंही भिजली, रात्री घरी.

सूनबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. शिर्डीला ती लग्नानंतर दर वर्षी जाते. तिला घाट उतरायचाय. घरापासून लांब, हॉटेलात दोन रात्री राहायचंय, जिथं सकाळी उठल्यावर मोटर लावायची नसते. हे ती बोलली नाही. पण मीही या घरात सून म्हणूनच आले होते.

आणि मोटरवरून आम्ही मुद्द्यावर आलो. तारीख.

नवऱ्याला आठवड्यातला मधला वार पाहिजे, तिकीट कमी आणि रांगा लहान. सासूबाईंना महडला संकष्टी पाहिजे. संकष्टीला महडला पाय ठेवायला जागा नसते, वर त्यांचा चंद्रोदयापर्यंत उपास, म्हणजे इमॅजिकात दिवसभर निर्जळी म्हातारी आणि रात्री चंद्र कुठं दिसतो ते शोधायला सगळं कुटुंब पार्किंगमध्ये. तीही एक वेळ जमली असती. पण नळ? आमच्या भागात पाणी कोणत्या दिवशी येईल ते पंचांगात नसतं. दिवसाआड, मग आणखी काही दिवसांआड, मग आठवडा, मग 'आज रात्री येईल असं ऐकलं'. नाथसागर भरलेला, पैठण पन्नास किलोमीटरवर, आणि इथं बायका कॉकला कान लावून बसलेल्या. ज्या दिवशी पाणी त्या दिवशी घरात माणूस पाहिजे. टाकी भरायची, हौद भरायचा, पिंप, कळश्या, वरच्या मजल्याची मोटर. एक पाळी चुकली की टँकर. मुलांना वॉटर पार्कमध्ये लाटांवर सोडायचं आणि घरी येऊन बादलीत आंघोळ मोजायची.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही इतका वेळ भिंतीवर का टेकलीय.

"काकू, किल्ली तुमच्याकडे ठेवली तर?"

"ठेव की."

"आणि मोटरचं बटण जरा खालून वर..."

"अगं, तुझ्या सासूच्या आधीपासून मला तुमची मोटर माहितीय."

एवढ्यात समोरच्या मावशी गेटपाशी आल्या. पीर बाजारातून भाजी घेऊन येत होत्या, पिशवीतून मेथी बाहेर डोकावत होती. मावशींना किती ऐकू गेलं ते सांगता येत नाही, पण त्यांनी पहिलाच प्रश्न अचूक विचारला.

"नगर रस्त्यानंच ना?"

"अजून..." सूनबाई चाचरली.

"नगर रस्त्यानंच जा. समृद्धीवर काय, चिटपाखरू नसतं." मग पिशवी खाली ठेवली. "सात सीटची गाडी. तुम्ही सहा."

वाघोलीला मावशींची लेक असते. पुण्याच्या त्या अंगाला अर्धा मराठवाडा राहायला गेलाय. खराडीला कंपनी, वाघोलीला फ्लॅट, आणि इकडं आईबाप, दर महिन्याला कुणाच्या तरी गाडीत बसून जायची वाट बघत. मावशींनी एसटीनं जायचं सोडलं तेव्हापासून त्या गल्लीतल्या गाड्यांची सीटं मोजतात.

"नेईन की मावशी," सूनबाई म्हणाली. आणि मी पाहिलं, तिचा चेहरा एकदम उजळला. मावशी गाडीत म्हणजे वाघोली वाटेत. वाघोली वाटेत म्हणजे नगर रस्ता. समृद्धीचा प्रश्न एका म्हातारीनं भाजीची पिशवी खाली ठेवता ठेवता निकालात काढला. आता नवरा मावशींना नाही म्हणणार नाही, त्याच्या बारशाला त्यांनी घुगऱ्या वाटल्यात.

"सामान काही नाही माझं. दोन पिशव्या."

"चालेल की."

"आणि एक कट्टा. गव्हाचा. लेकीला तिकडचे गहू पसंत पडत नाहीत."

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या सीटमागं बॅगा, वॉटर पार्कचे कपडे, सासूबाईंची नारळांची पिशवी, धपाट्यांचा डबा.

"किती किलोचा, मावशी?"

"पन्नास. पण शिंगणापूरला थांबणार असाल तर तेलाची बाटली मी माझी आणीन."