लास्ट प्राइस सांगा, ताई

बोहारीण पँट उजेडात धरते तेव्हा क्ष-किरण यंत्रानेही शरमावं. बुडाला कुठे विरलीय, चेन अडकते का, कंबरपट्टी उलटवून पुन्हा शिवलीय का, सगळं तिला क्षणात दिसतं. मग पँट आपल्या बाजूला ओढून ती म्हणते, "अजून एक साडी टाका, ताई, मग पातेलं." यावर दारात बसून तासभर हुज्जत घालायची, पातेल्यावर झाकण फुकट मागायचं आणि ती जिना उतरली की "भारी लबाड असतात या" म्हणायचं, ही आपली थोर परंपरा.

आता ती परंपरा मोबाइलवर आली आहे. फरक एवढाच, की गाठोडं सोडून आपण बसलोय आणि भाव पाडायला सगळं जग उंबऱ्यावर उभं आहे.

आमच्या सोसायटीत दुपारी चहाच्या आधी गॅलऱ्यागॅलऱ्यांतून फोटो काढणं चालतं. शालू रेलिंगवर, पदर कुंडीवर, श्रीखंडाचा डाग मनीप्लांटच्या पानाखाली. खाली मजकूर: 'एकदाच नेसलेली.' महाराष्ट्रातल्या कपाटांत दोनदा नेसलेली साडी अस्तित्वातच नाही. जी दोन मुंजी, तीन बारशी आणि एका गृहप्रवेशाच्या अल्बममध्ये दिसते, तीसुद्धा एकदाच नेसलेली. पुरुषांचे सूट तर फक्त 'ट्राय' केलेले असतात. लग्न बहुधा बनियनवर लागलं असावं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पैठणी काढली. नणंदेने दिलेली, खास येवल्याहून आणलेली. समोरून निरोप आला, "काठ उलटा करून फोटो टाका." गिऱ्हाईक जाणतं होतं. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरची असेल तर मागे धागे लोंबतात. वहिनींनी भाबडेपणाने काठ उलटला. धागे लोंबत होते. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. नणंदांना ते अजून लागू झालेलं नाही. साडी विकली गेली नाही, पण यंदाची भाऊबीज परस्पर निकालात निघाली.

बाकी गिऱ्हाइकं ठरावीक. एक नुसतंच 'अव्हेलेबल?' विचारून अंतर्धान पावतं. दुसरं 'लास्ट प्राइस?' विचारतं आणि ती सांगितली की 'नाही, लास्ट लास्ट?' तिसरीला साडी पसंत असते, पण 'ह्यांना विचारून सांगते'; ते हे बहुधा सीमेवर असावेत, कारण उत्तर येत नाही. सीमेवरून उत्तर देतो तो वेगळाच. तो 'मेजर' असतो, कँटीनच्या कार्डाचा फोटो पाठवतो, घासाघीस न करता हो म्हणतो आणि एक क्यूआर कोड धाडतो: "मॅडम, हा स्कॅन करून पिन टाका, लगेच पैसे जमा होतील." यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना नव्हे. बोहारणीने पिनपर्यंत जाऊच दिलं नसतं. जुन्या कपड्याचा भाव न करणारा माणूस तिने पहिल्याच वाक्याला ओळखला असता.

पॉशमार्क नावाची अमेरिकन कंपनी याच धंद्यासाठी २०२१ मध्ये भारतात आली आणि २०२३ मध्ये गाशा गुंडाळून गेली. जिथे फाटक्या बर्म्युड्यावरही एक वाटी जास्त मागतात, त्या बाजारात कमिशन कापायला निघाली होती बिचारी.

हिशेब मात्र कुणी मांडत नाही. साडी साडेतीनशेला गेली. त्यातून कुरियर, खोका, ड्रायक्लीनिंग आणि 'रंग फोटोत वेगळा वाटला होता' म्हणून परत आल्याचा खर्च वजा करा. उरेल त्यात पातेलं सोडा, चिमटाही येत नाही. बोहारीण तेच कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून बाजारात उभी राहते. दिल्लीत रघुबीर नगरच्या घोडा मंडीत वाघरी समाजाच्या बाया पहाट फुटायच्या आत जुन्या कपड्यांचे ढीग लावून बसतात. त्या वेळी आमची मंडळी कूस बदलून कुणाचं 'लाइक' आलंय का ते बघत असतात.

शेवटी भाव उतरतो. पंधराशे, नऊशे, चारशे, 'फक्त कुरियर तुमचं'. तरीही कुणी हात लावेना झालं की घरात अचानक करुणा उत्पन्न होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. ते निवडून मार्गी लावायला 'गूंज'सारख्या संस्थेला राबावं लागलं. कोळी कुटुंबांना शेरवानी कशी शोभेल, हा विचार दात्यांनी केला नव्हता. आमच्याकडेही न खपलेल्या मालाची गाठोडी जिन्याखाली बांधून तयार आहेत. त्यांवर 'मदत' असं ठळक लिहिलंय. जिना अडलाय, सेक्रेटरी रोज ओरडतात, पण समिती ठाम आहे: एवढा पावसाळा बघू. रोज सकाळी दूध घेताना कुणी ना कुणी आशेने विचारतं, "काय हो, कृष्णेचं पाणी कुठवर आलं?"