जामदारखान्याच्या किल्ल्या

‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण शाळेत मूर्खपणाचा नमुना म्हणून शिकवली जाते. शिकवणारे गुरुजी जळगाव-धुळ्याकडचे असतील तर त्यांनी तिथे क्षणभर थांबायला हरकत नाही. कारण १८२५ साली कंपनी सरकारने खानदेशात हाच मूर्खपणा रीतसर हुकूम काढून केला, आणि तो पुढे साठ-पासष्ट वर्षं सुखेनैव चालला.

अर्थात ‘चोर’ हे कंपनीच्या दप्तरातलं नाव. सातपुड्यातल्या आणि अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्ल नाईकांकडे घाटवाटा राखण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि त्याबद्दल गावांकडून त्यांना हक्क मिळत. पेशवाईच्या अखेरीला फौजांनी खानदेश तुडवला, १८०३ च्या सुमाराला वर दुष्काळ पडला आणि हक्क बुडाले. राखणदाराचा पगार थकला की तो वसुलीचे इतर मार्ग शोधतो. यात डोंगराचा काही दोष नाही. १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे आला तेव्हा ही वसुली जोरात होती. साहेबांनी पलटणी पाठवल्या, नाईकांना तनखे देऊन पाहिले, पुन्हा पलटणी पाठवल्या. पलटणी डोंगरात जाऊन तापाने आजारी पडल्या. शेवटी मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन या निष्कर्षाला आला की, ज्यांना वाटा ठाऊक आहेत त्यांनाच पहाऱ्यावर बसवावं.

हे काम गळ्यात पडलं जेम्स आउट्रम नावाच्या लेफ्टनंटच्या. वय बावीस. आजच्या हिशेबात पोरगं नुकतंच पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी भरत असतं. याला सांगितलं गेलं, भिल्लांची कोअर उभी कर. ठाणं धरणगाव.

अडचण अशी की उमेदवारच येईनात. डोंगरात बोलवा उठली होती की, हा साहेब भरतीच्या नावाखाली सगळ्यांना एका जागी गोळा करणार आणि मग एकदम निकाल लावणार. सरकारी भरतीबद्दल शंका घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तेव्हा आउट्रमने मुलाखतीची जी पद्धत काढली, ती कुठल्याही निवड मंडळाच्या नियमावलीत बसणार नाही. तो स्वतःच उमेदवारांकडे गेला. एकटा, पहारा न घेता, नाईकांबरोबर जंगलात राहिला. सोबत ब्रँडी भरपूर होती, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. शिकारीचा नाद तर असा की, पुढच्या नऊ-दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९१ वाघ मारल्याचा हिशेब त्याच्या चरित्रात सापडतो. (आज यावल अभयारण्यात एक पट्टेरी दिसला तर पेपरात फोटो येतो.) रात्री बिनपहाऱ्याचा झोपलेला साहेब सकाळी जिवंत उठतो, हे दोन्ही पक्षांनी पाहिलं. परीक्षा नेमकी कोण कोणाची घेत होतं, सांगणं कठीण. एवढ्या खटाटोपानंतर किती गडी तयार व्हावेत? पाच.

पाचांवर गाडी सुरू झाली. पुढे ही छोटी तुकडी मालेगावच्या छावणीत नेली, तेव्हा आउट्रमच्या पोटात गोळा आला असणार. तिथे त्याची स्वतःची तेविसावी पलटण होती; तिच्यात उच्चवर्णीय शिपायांचा भरणा, सोवळंओवळं कडक, आणि डोंगरातल्या याच लोकांशी कालपरवापर्यंत लढाई. आता टिंगल होणार, पोरं पळणार, सगळं मुसळ केरात! झालं उलटंच. शिपायांनी त्यांना आपल्यात बसवून घेतलं, खाऊपिऊ घातलं, पानसुपारी दिली. आउट्रमला याचा इतका आनंद झाला की वाघाबद्दलही त्याने इतक्या प्रेमाने लिहिलं नसेल. काही वर्षांत जिल्ह्यातली पहाऱ्याची बरीच कामं या भिल्ल कोअरकडे आली. १८९१ मध्ये ती पोलिसांत मिसळली. तोवर कोणी किल्ल्या घेऊन पळालं म्हणून ओरड झाली नाही.

पण म्हण अगदीच खोटी पाडली असंही म्हणवत नाही. शिरपूरच्या वर, आग्रा रस्त्यावरच्या सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक पहाऱ्यावर होता. त्याने चोपलेला एक संशयित मेला, म्हणून सरकारने त्याला शिक्षा दिली, नोकरीतून काढलं. मग १८५७ चं वारं सुटलं, सरकारला घाट राखायला माणूस हवा झाला आणि पुन्हा त्यालाच बोलावलं. ज्याला आपण तुरुंगात घातलं त्याच्याच भरवशावर, तेही नेमक्या त्या वर्षी, घाट सोपवावा, यात धाडस किती आणि आळस किती हे ज्याचं त्याने ठरवावं. खाज्या नाईकाने बंड पुकारलं आणि घाटातून चाललेला सात लाखांचा खजिना ताब्यात घेतला. कंपनीच्या कागदांत हा विश्वासघात. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात पराक्रम. तो मारला गेला तेव्हा घात करणारा त्याच्याच पदरी शिरलेला माणूस होता. निवड चुकणं ही काही फक्त साहेबाची मक्तेदारी नव्हे.

खजिना आणि खानदेश यांचं पुढेही जमत राहिलं. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे चाललेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम. डॉ. उत्तमराव पाटलांसारखे खानदेशी आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड यांच्यासारखे पाहुणे एकत्र आले होते. गंमत पाहण्यासारखी आहे. लुटलेला पैसा पुन्हा कोणाच्या तरी हवाली करावाच लागतो, तोही पावतीशिवाय. ज्या सरकारने पहारेकरी, बंदुका, कुलपं, सह्या असा सगळा बंदोबस्त केला त्याचा पैसा गेला, आणि ज्यांच्याकडे कुलूपसुद्धा नव्हतं त्यांनी तो चळवळीसाठी साताऱ्याकडे नेला.

राखणदार निवडायलाही आता काळ नियमांचा आहे. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील प्रांताधिकारी नेमतात. वय २५ ते ४५, दहावी पास, त्याच गावचा रहिवासी, चारित्र्य चांगलं. लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २०. म्हणजे गावातली भांडणं कोणाचं ऐकून थांबतात, याला असलेच तर विसात गुण. भरताचं वांगं निवडताना खानदेशातल्या बामणोदची बाई ते हातावर तोलून आत बी किती हे सांगते. तिला कोणी वांग्याच्या सामान्य ज्ञानाचा पेपर काढायला सांगितलेलं नाही. २०२४ मध्ये मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजारांवर गेलं, तेव्हापासून गावाची सेवा करण्याची ओढ तरुणांत वाढली असल्यास नवल नाही.

परीक्षा नको तर मग निवड सर्वांनी मिळून करावी, हा दुसरा मार्ग. १५ ऑगस्ट २००७ पासून गृहमंत्री आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावाने ग्रामसभेत समिती निवडायची, तंटे वहीत नोंदवायचे, समजुतीने मिटवायचे; तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे एक ते दहा लाखांचं बक्षीस. योजना सुरेख. फक्त तंटे मिटवणाऱ्या समितीचा अध्यक्ष कोण, यावरून राज्यात ठिकठिकाणी जे तंटे झाले त्यांचा हिशेब कोणत्या वहीत धरायचा, हे शासन निर्णयात सांगायचं राहिलं.

मारुतीच्या पारावरची ती ग्रामसभा पाहण्यासारखी असते. ग्रामसेवक नाव मागतो. एक नाव येतं, मागून आवाज, “तो? त्याचाच शेवगा शेजारच्या अंगणात शे!” दुसरं नाव येतं; ते भाऊबंदकीत अडकलेलं. तिसरा चांगला, पण तो मागच्या निवडणुकीत त्या पॅनलला होता. चौथ्याचं कोणाशीच भांडण नाही, म्हणून त्याला कोणी ओळखत नाही. जो स्वतःहून हात वर करतो त्याच्याकडे सगळे अशा नजरेने बघतात की तो हळूच डोकं खाजवून हात खाली घेतो. तासाभराने कोणीतरी एका म्हाताऱ्याचं नाव घेतो. तोंडाचा फटकळ, तरुणपणी त्याने बांधावरून अख्ख्या शिवाराशी भांडणं केलेली, कोर्टाच्या पायऱ्या घासलेल्या, त्यामुळे गावातलं एकही भांडण त्याला नवीन नाही. विरोध होत नाही, कारण म्हातारा सभेलाच आलेला नसतो. पोरं त्याला कापसाच्या शेतात गाठतात.

“कोन बनाडं मले अध्यक्ष?” तो विचारतो. मग विळा कमरेला खोचत अट घालतो: होतो, पण पहिली तक्रार माझीच घ्या, पश्चिमेच्या बांधाची, आणि मोजणीला सरपंच स्वतः हजर पाहिजे, कारण बांधापलीकडचं शेत सरपंचाचं आहे.