रूटकाकांची हद्द

श्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला गाडी काढून इटलीला जावंसं वाटलं, की तो तीन गोष्टी करतो. रजा टाकतो, टायरमधली हवा बघतो आणि रूटकाकांना पत्ता लागू देत नाही. पहिल्या दोन जमतात. तिसरी आजवर कोणाला जमलेली नाही. रविवारी संध्याकाळी फोन वाजतोच. “ब्रेनरच्या घाटानं चाललात म्हणे? कोणी सांगितलं तुम्हाला ब्रेनरनं जायला?”

काकांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या पासपोर्टाला ठाऊक आहे. गणपतीच्या वर्गणीच्या यादीतसुद्धा ते ‘रूटकाका’च असतात. साठीला टेकलेले, मूळचे पुण्याचे, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरीला म्हणून आले ते इथलेच झाले. अंगात बारा खिशांचं जाकीट. गळ्यात दोरीला दोन चष्मे, एक वाचायचा आणि एक नकाशाचा. फोनमध्ये नकाशा बोलत असताना कागदावरचा कशाला, असं एकदा कोणीतरी विचारलं. काका म्हणाले, “तो सांगतो वळा. का वळा, ते सांगतो का?”

काकांना फिरायची आवड आहे असा नव्या माणसाचा समज होतो. तो चुकीचा आहे. काकांना आवड आहे ती हद्द ओलांडण्याची, आणि तीही कागदावर. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवायचं ठरवून सह्या केल्या. पुढं दहा वर्षांनी ते अमलात आलं, देश वाढत गेले, आणि आज एका देशातून दुसऱ्यात शिरलो हे रस्त्याकडेच्या निळ्या पाटीवरून कळतं, तेही पाटीकडे लक्ष असेल तर. सगळा युरोप यावर खूश आहे. काका नाहीत. एवढ्या खटाटोपानं पुसलेल्या सीमा त्यांनी एकहाती आपल्या वहीत पुन्हा आखून काढल्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीनं जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली, तेव्हा आम्ही रांगांच्या नावानं बोटं मोडत होतो आणि काका रकाना वाढवत होते.

ही वही बघण्यासारखी आहे. प्रत्येक पानावर एक हद्द. डावीकडे वेग: ऑस्ट्रिया १३०, स्वित्झर्लंड १२०, इटली १३०, पण पाऊस असेल तर ११०. मग टोल, पेट्रोल, शौचालय आणि शेवटी ‘शेरा’. शौचालयाचा रकाना सर्वांत रुंद आहे. जर्मन मोटारवेवरच्या सानिफेअर शौचालयाला एक युरो पडतो आणि तेवढ्याच किमतीचं कूपन हातात येतं, ते तिथल्या दुकानात चालतं. बाकीचे लोक ते खिशात चुरगाळून विसरतात. काकांकडे त्यांची रबर लावलेली गड्डी आहे. प्रवासात कोणाच्या पोटात दुखायला लागलं, तर काका आधी ती गड्डी काढतात, मग औषध.

टोल हा मात्र काकांचा जिव्हाळ्याचा प्रांत. स्वित्झर्लंडच्या मोटारवेवर जायला ४० फ्रँकचं व्हिनेट, म्हणजे टोलची चिकटपट्टी, लागतं आणि ते वर्षाचंच मिळतं. एका दिवसात देश ओलांडून पलीकडे जायचं असलं तरी वर्षाचंच. हे दुःख काकांनी पुरुषार्थानं पचवलं आहे. आदल्या डिसेंबरच्या एक तारखेपासून पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत ते चालतं, म्हणजे बारा महिन्यांच्या पैशात चौदा महिने, हा शोध त्यांनी लावला आणि तेव्हापासून एक डिसेंबरला सकाळी सकाळी व्हिनेट घेऊन ते वर्षभर ‘वसूल’ करत हिंडतात. काकूंना ऱ्हाइनचा धबधबा तोंडपाठ झाला आहे. “तेवीस मीटर उंच, दीडशे मीटर रुंद,” असं त्या कपाळाला हात लावून सांगतात.

ऑस्ट्रियाचं दहा दिवसांचं व्हिनेट मिळतं, साधारण बारा-तेरा युरोंना. पण एकदा स्विस व्हिनेट घेतल्यावर ऑस्ट्रियालाही पैसे द्यायचे, हे काकांच्या तत्त्वात बसत नाही. त्यातून त्यांचा तो जगप्रसिद्ध मार्ग जन्माला आला. जर्मनीतून ब्रेगेन्झकडे उतरणाऱ्या मोटारवेवर, हद्दीपासून होहेनेम्सपर्यंतच्या तुकड्याला डिसेंबर २०१९ पासून व्हिनेट लागत नाही. होहेनेम्सला बाहेर पडायचं, ऱ्हाइन ओलांडायचा आणि थेट स्वित्झर्लंड. “ऑस्ट्रिया फुकट!” असं काका म्हणतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पानिपत उलटं फिरवल्याचा आनंद असतो.

एका उन्हाळ्यात या मार्गानं जायचा योग आमच्या वाट्याला आला. दोन कुटुंबं, भाड्यानं घेतलेली नऊ आसनांची गाडी. करारातली मुंगीएवढी अक्षरं काकांनी नकाशाच्या चष्म्यानं वाचून काढली आणि गाडी कुठल्या देशात न्यायला परवानगी आहे ते पाठ केलं. अपघातात घालायचं पिवळं जाकीट गाडीत एक असलं तरी जर्मनीत भागतं. काकांनी नऊ आणली. घराखाली, भर रस्त्यात, सगळ्यांना ती तीस सेकंदांत घालायची तालीम झाली. समोरच्या बाल्कनीतल्या जर्मन आजी आमच्याकडे बघून म्हणाल्या, “अखेर आमचा रस्ता दुरुस्त होणार तर!”

मग खाण्याची तपासणी. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघाच्या जकातीच्या कुंपणाबाहेर आहे, हे काका दर प्रवासाला नव्यानं समजावतात. मांस माणशी एक किलो, वाइन पाच लिटर. या दोन्हींचा आमच्याशी संबंध नव्हता. डबे उघडले तर तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. काका एका बरणीपाशी अडले.

“हे काय?”

“साजूक तूप,” काकू म्हणाल्या.

“लोणी माणशी एक किलो. तेल आणि चरबी माणशी पाच किलो. तूप लोण्यात धरायचं की तेलात?”

“अहो, वाटीभर आहे ते!”

“वाटीभराचा प्रश्न नाही. विचारलं तर उत्तर एक पाहिजे.”

त्या बरणीवर ‘लोणीजन्य’ अशी चिठ्ठी लागली आणि ती स्विस हद्दीपर्यंत काकांच्या पायाशी बसून आली. हद्दीवरच्या माणसानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात हलवून पुढं जा म्हणाला. काकांनी गाडी जराशी हळू केली, त्याला पुन्हा एक संधी दिली. त्यानं ती घेतली नाही. काका पुढचे दहा किलोमीटर बोलले नाहीत.

कॉन्स्टन्स तळ्याकाठी तर त्यांनी सगळ्यांचे मोबाईल बंद करवले होते. जर्मन काठावर उभं राहिलं तरी फोन पलीकडच्या स्विस मनोऱ्याला जाऊन चिकटतो, आणि युरोपीय संघातली रोमिंगची सवलत स्वित्झर्लंडला लागू नाही. तीन देशांच्या मधलं ते निळंशार पाणी आम्ही फोटोविना पाहिलं. फोटो काढायला नेटवर्क लागत नाही, हे मुलांनी दबक्या आवाजात सांगून पाहिलं, पण “कशाला विषाची परीक्षा?” म्हणून काकांनी तो विषय मिटवला.

लिश्टेनश्टाइन हा काकांचा आवडता देश. जेमतेम पंचवीस किलोमीटर लांब, आणि आत मोटारवे नाही, म्हणून व्हिनेटही नाही. शिवाय सीमेवर कोणी अडवत नाही म्हणून हळहळणाऱ्या पाहुण्याला राजधानीत, फाडुट्सला, पैसे भरून पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून मिळतो. आपल्यासारखी माणसं जगात आणखी आहेत, याचा पुरावा म्हणून काका त्या खिडकीकडे पाहतात. वहीत फाडुट्सला पस्तीस मिनिटं दिली होती. तेहतिसाव्या मिनिटाला इंजिन सुरू झालं.

पुढं गोटहार्डचा १६.९ किलोमीटरचा बोगदा टाळून सान बेर्नार्दिनोनं आम्ही खाली उतरलो, कारण उन्हाळ्यात गोटहार्डची रांगही किलोमीटरमध्येच सांगतात. इटली लागली आणि काकांची मान खाली गेली. तिथं रस्त्याकडेच्या निळ्या रेघांत गाडी लावली तर पैसे, पिवळ्या रेघा राखीव, पांढऱ्या फुकट. कोमोच्या तळ्यावर सगळे डोंगराकडे, पाण्याकडे, काठावरच्या बंगल्यांकडे बघत होते. काका डांबराकडे बघत होते. व्हेरोनात जुन्या शहराच्या तोंडाशी गाड्यांना बंदी असते आणि चुकून शिरलेल्याचा कॅमेऱ्यानं टिपलेला दंड काही महिन्यांनी घरी येतो, म्हणून त्यांनी गाडी इतकी लांब लावली की पहिल्या शतकातल्या त्या रोमन रंगमंडळाशी पोचेपर्यंत आमचा अवतार त्याच काळातला झाला होता.

परतीला मात्र ब्रेनर टळत नव्हता. काकांनी तिथंही तोड काढून ठेवली होती. ब्रेनरच्या मोटारवेला वेगळा टोल पडतो आणि व्हिनेट लागत नाही. ते लागतं पुढं. तेव्हा इन्सब्रुकच्या अलीकडेच बाहेर पडायचं, जुन्या रस्त्यांनी फर्नपास गाठायचा आणि फ्युसेनला जर्मनीत शिरायचं. टोल सोडला तर दुसऱ्यांदा ऑस्ट्रिया फुकट. फक्त एक अडचण होती. २०१९ पासून तिरोलमध्ये सुट्टीच्या मोसमात, शनिवार-रविवारी, नुसत्या आरपार जाणाऱ्या गाड्यांना मोटारवे सोडून गावातल्या रस्त्यांवर उतरू देत नाहीत. आमचा शनिवार होता. काकांना नियम ठाऊक होता. त्यांना ठाऊक नाही असा नियम निघायचा आहे. ज्याचं काम त्याच भागात आहे त्याला सोडतात, हेही ठाऊक होतं. त्यामुळे उत्तर तयार होतं: एका गावात जेवायला चाललोय. गावाचं नाव, खाणावळीचं नाव, सगळं वहीत होतं.

बाहेरच्या वाटेवर पोलीस उभा होता. काकांनी काच खाली केली. त्यानं वाकून विचारलं, “कुठे निघालात?”

काकांनी घसा साफ केला. तेवढ्यात मागून काकूंनी, आयुष्यात प्रथमच कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी ठेवून, स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, “आम्ही घरी चाललोय! श्टुटगार्टला!”

पोलिसानं हसून सलाम केला आणि समोरचा मोटारवे दाखवला. पुढं थांबून काकांनी व्हिनेट घेतलं. युरोपा पुलावरून जाताना, १९० मीटर खालची दरी बघायला सगळे काचेला नाक लावून बसले. काका समोरच्या काचेवरच्या त्या चौकोनी चिकटपट्टीकडे बघत गाडी चालवत होते.

एवढं सगळं असलं तरी काकांना टाळणारे आम्ही, अडलो की त्यांच्याच दारात जातो. पुण्याहून आईवडील येणार असले की ज्या देशात जास्त रात्री त्याच्याकडे व्हिसा मागायचा, रात्री सारख्या असल्या तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे, हे काकाच सांगतात आणि रात्रींची गणितंही तेच जुळवून देतात. एका नोव्हेंबरात आमच्यातलं एक नवं जोडपं ग्रोसग्लॉकनरच्या बंद फाटकापुढं अंधारात उभं होतं. तो उंचावरचा रस्ता हिवाळ्यात बंदच असतो. काकांनी अंथरुणातून, वही न उघडता, त्यांना वळवून फेल्बरटाउअर्नच्या बोगद्यानं पलीकडे काढलं आणि ती दोघं मुक्कामी पोचेपर्यंत स्वतः जागे राहिले. कूपन घेतलं का, एवढं मात्र शेवटी विचारलं.

आमच्या सहलीनंतर आठवड्याभरात वहीची सुधारित आवृत्ती सगळ्यांना आली. वेग, टोल, पेट्रोल, शौचालय, शेरा. आणि काकूंच्या नावानं एक कोरा करकरीत रकाना: ‘इथे झोपेचं सोंग घ्यावं.’ काकूंनी तो वाचला, पेन घेतलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं: ‘घरापासून घरापर्यंत.’