क्रूझ विकणाऱ्या एजंटसाहेबांस खुलं पत्र

एजंटसाहेब,

'स. न. वि. वि.' लिहिण्याइतका सप्रेम नमस्कार तुमच्यासाठी माझ्याकडे शिल्लक नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते. तुमचं आणि तुमच्या कंपनीचं नाव इथे घालत नाही, कारण तुमच्या पत्त्यावर पाठवलेल्या प्रतीत ते आहेच. जाहीर लिहितेय ते एवढ्यासाठी, की आमची दिवाळीची सफर उरकली न उरकली तोच तुम्ही नाताळची बुकिंग घ्यायला बसला आहात. तुमच्या काचेच्या टेबलापलीकडे आज जी माणसं बसली असतील ती आयुष्यात पहिल्यांदाच जहाजावर चढणार आहेत. त्यातल्या अर्ध्यांनी त्यासाठी प्रॉव्हिडंट फंडाचे किंवा मोडलेल्या एफडीचे पैसे आणले असतील. माझ्या आत्यानं आणि काकांनी आणले होते तसेच.

तुम्ही त्यांना सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर अशी चार रात्रींची सफर विकली. सफरीबद्दल माझी तक्रार नाही. जहाज देखणं होतं, कर्मचारी अदबीनं वागत होते, पहाटे मलाक्काच्या सामुद्रधुनीत रांगेनं जाणारी मालवाहू जहाजं पाहताना काका लहान मुलासारखे खूश झाले होते. तक्रार तुमच्याबद्दल आहे. दहा मिनिटांत सांगून होईल ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि जे सांगितलंत त्यातलं निम्मं चुकीचं होतं.

सुरुवात धक्क्यापासून करू. तुमच्या व्हाउचरवर ठळक अक्षरांत 'सिंगापूर क्रूझ सेंटर' असं छापलं होतं. या नावाचं टर्मिनल सिंगापुरात आहे, हार्बरफ्रंटला. आमचं जहाज मात्र लागलं होतं मरिना बे क्रूझ सेंटरला, जे 2012 साली मोठ्या जहाजांसाठी उघडलं. शहरात दोन टर्मिनलं आहेत हे ज्याला ठाऊक नाही त्यानं सिंगापूरची क्रूझ विकू नये. त्यात तुम्ही विमान त्याच दिवशी पहाटे उतरणारं दिलं होतंत. जहाज सुटायच्या दिवशीच विमानानं पोचायचं म्हणजे विमानाला उशीर झाला की जहाज गेलं. जहाज कोणासाठी थांबत नाही आणि गेलेल्या तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा परत येत नाहीत. आदल्या दिवशी पोचून एक रात्र हॉटेलात काढणं हा पहिला नियम तुमच्या तोंडून यायला हवा होता. पण हॉटेलचा खर्च धरला की पॅकेजचा आकडा फुगतो आणि शेजारच्या दुकानातलं पॅकेज स्वस्त दिसतं, म्हणून तुम्ही तो गिळलात.

आता बॅगांचं. टर्मिनलवर मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून हमालांच्या ताब्यात द्याव्या लागतात आणि त्या केबिनच्या दाराशी कित्येक तासांनी, कधी पार रात्री पोचतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. आत्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे. 'सगळं मोठ्या बॅगेत भरा, हात मोकळे ठेवा' हा सल्ला तुम्हीच दिलात. तिच्या गोळ्यांची स्टीलची डबी, आतल्या कप्प्यांवर तिनं स्वतः चिकटवलेल्या 'सकाळ-दुपार-रात्र' अशा चिठ्ठ्यांसकट, त्या बॅगेत बंद होती आणि बॅग जहाजाच्या पोटात कुठेतरी. संध्याकाळी तिचे हात थरथरायला लागले तेव्हा आम्ही जहाजावरच्या डॉक्टरकडे धावलो. डॉक्टर चांगले होते. त्यांचं बिल डॉलरमध्ये आलं, कारण जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो आणि भारतातली साधी मेडिक्लेम पॉलिसी तिथे कामाला येत नाही. त्यासाठी परदेश प्रवासाचा वेगळा विमा लागतो, तोही गंभीर आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च देणारा. मी विमा विचारला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'चार दिवसांत काय होतंय?' काय होतं ते पाहिलंत.

म्हणून तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकांसाठी लिहिते: औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि मोबाइलचा चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. पासपोर्टच्या झेरॉक्स जवळ ठेवा, कारण काही जहाजांवर पासपोर्ट सफर संपेपर्यंत जमा करून घेतात. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पुन्हा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे आणि चपला आत ठेवायला विसरू नका.

तुमच्या यादीत 'इलेक्ट्रिक केटल आणि एक्स्टेन्शन बोर्ड अवश्य घ्या' असंही होतं. केटल स्कॅनरमध्ये दिसली आणि जप्त झाली, ती सफर संपल्यावर मिळाली. आग हा जहाजावरचा सगळ्यात मोठा धोका असतो, म्हणून तापणाऱ्या वस्तू केबिनमध्ये चालत नाहीत. हा नियम कंपन्यांच्या सूचनांमध्ये छापलेला असतो. तुम्ही त्या सूचना कधी उघडून वाचल्यात का?

'सगळं समाविष्ट' या तुमच्या दोन शब्दांवर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण गिऱ्हाईक फसतं ते तिथे. मुख्य भोजनगृहातलं आणि बुफेतलं जेवण, बहुतेक कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे तिकिटात येतं. कोल्ड्रिंक, बाटलीबंद पाणी, मद्य, खास कॉफी, वेगळी उपाहारगृहं, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली हे सहसा येत नाही. बुफेतलं पाणी फुकट असतं, एवढं सांगितलं असतंत तरी काकांनी बाटल्यांवर पैसे घातले नसते. त्यावर कर्मचाऱ्यांचं बक्षीस. ते माणशी, दररोज, आपोआप खात्यात चढतं. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर ते साधारण 15 ते 20 डॉलर असतं आणि मुलांचंही लावतात. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींचे किमान 240 डॉलर होतात. ते द्यायला माझी ना नाही. खोली झाडणारी, ताटं उचलणारी माणसं घरापासून महिनोन् महिने दूर राहून राबतात, त्यांचा तो हक्कच आहे. पण ही रक्कम तिकिटाच्या शेजारी छापायची लाज तुम्हाला का वाटावी? ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. तुमचं पत्रक त्या व्याख्येत चपखल बसतं.

शिवाय पॅकेजवर टीसीएस म्हणून जो कर तुम्ही कापलात, तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, जास्त झाला असेल तर परत मिळतो. काकांना वाटत होतं ते पैसे गेले. तुम्ही त्यांना तसंच वाटू दिलंत.

मोबाइलचंही तेच. बंदर सुटलं की फोन जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि त्याचे दर साध्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत. जहाजावर पाय ठेवला की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. एका वाक्याचं काम.

केबिनबद्दल मी विशेष चिडले आहे. 'समुद्राच्या सान्निध्यात' असं म्हणून तुम्ही खिडकी नसलेली आतली केबिन विकलीत, तीही जहाजाच्या पार पुढच्या टोकाला, वरच्या डेकवर. खिडकी नसलेल्या केबिनला मी नावं ठेवणार नाही. फक्त झोपायला खोलीत जाणाऱ्याला ती परवडते आणि पुरते. पण आत्या रत्नागिरीकडची. लहानपणी मुंबईच्या आगबोटीत तिला बोट लागायची, हे तिनं तुमच्यासमोर दोनदा सांगितलं होतं. जहाज पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर सगळ्यात जास्त हलतं, मध्यभागी आणि खालच्या डेकवर सगळ्यात कमी. आजच्या जहाजांना दोन्ही अंगांना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात, पुढच्या टोकाचं वर-खाली होणं नाही. डोळे म्हणतात भिंत स्थिर आहे, कानातलं संतुलनाचं इंद्रिय म्हणतं आपण हलतोय, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. खिडकीच नसेल तर डोळ्यांना क्षितिजाचा आधारही मिळत नाही. फुकेतकडे वर सरकताना लाट वाढली आणि आत्या रात्रभर पलंगाची कड धरून बसली. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर ती उलटून पडते. त्या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जहाजाचा नकाशा कंपनीच्या वेबसाइटवर असतो. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली, मधल्या भागातली खोली निवडायला तुम्हाला पाच मिनिटं लागली असती. डिस्कोच्या खालची खोली मिळालेल्या सोलापूरच्या कुटुंबालाही तेवढ्यात झोप मिळाली असती.

पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं, थेट जॉर्ज टाउनच्या पायथ्याशी. फोर्ट कॉर्नवॉलिस आणि लिटल इंडिया तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्याच भागाची बसमधली सहल तुम्ही आम्हाला आगाऊ विकलीत. बरं, पैसे गेले, पाय वाचले.

फुकेतला मात्र पाय वाचवता आले नाहीत. आमचं जहाज धक्क्याला लागलंच नाही, पातोंगच्या उपसागरात नांगरलं. तिथून छोट्या टेंडर बोटीनं किनाऱ्यावर जायचं. जहाजाच्या बाजूचं दार उघडतं, बाहेर एक फळी, पलीकडे ती बोट, आणि दोन्हींची पातळी क्षणाक्षणाला बदलत असते. दोन खलाशी दंडाला धरून 'आता' म्हणतात तेव्हा पाऊल टाकायचं. गुडघे झिजलेल्या पंच्याहत्तरीच्या आत्याला ते जमलं नाही. मागे रांग खोळंबलेली, ती तशीच वळली आणि दिवसभर डेकवर बसून राहिली. फुकेतला अनेकदा टेंडर लागते हे विकणाऱ्याला माहीत असतं. गुडघे, व्हीलचेअर, दम लागणं हे बुकिंगच्या वेळी विचारायचं असतं. तुम्ही फक्त पॅन कार्ड विचारलंत.

त्याच फुकेतला नाशिकचं एक जोडपं थोडक्यात वाचलं. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे. आमच्या जहाजानं घड्याळ सिंगापूरचंच ठेवलं होतं, पण किनाऱ्यावर उतरताच फोननं आपणहून थायलंडची वेळ धरली. फोनमध्ये तीन म्हणजे जहाजावर चार. ते बाजारात निवांत फिरत होते, आमच्यापैकी कोणीतरी त्यांना हटकलं म्हणून शेवटची टेंडर मिळाली. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, स्वतःच्या रिक्षा-टॅक्सीनं फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. मागे राहिलेल्यानं पुढचं बंदर स्वखर्चानं गाठायचं. हातात साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा, एवढंच सांगायचं होतं.

आणि आता जे तुम्हाला मी माफ करणार नाही ते. तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही लिहिलंत, 'सेफ्टी ड्रिल ऑप्शनल असतं, नाही गेलात तरी चालतं.'

चालत नाही. 13 जानेवारी 2012 ला कोस्टा काँकॉर्डिया हे जहाज इटलीच्या चिवितावेक्किया बंदरातून संध्याकाळी निघालं आणि त्याच रात्री जिल्यो बेटापाशी खडकावर आदळलं. चार हजारांहून अधिक माणसं वर होती, 32 मेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. आपली जमण्याची जागा कुठली, जॅकेट कसं बांधायचं, हे कळायच्या आत जहाज कलंडलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि 2015 पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकल्यावर लिफ्टकडे न जाता जिन्यानं आपल्या ठरलेल्या जागी जायचं. हे शिकायला फार वेळ लागत नाही.

मराठी माणसाला हे सांगायला इटलीपर्यंत जायची गरज नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. आमच्या आजोळी अजून त्या बोटीचं नाव काढलं की म्हाताऱ्या बोलणं थांबवतात. अशा किनाऱ्यावरच्या माणसांना तुम्ही 'नाही गेलात तरी चालतं' म्हणता! तुमचा मेसेज वाचून ग्रुपमधली काही मंडळी खरोखर केबिनमध्ये बसून राहिली. त्यांना बोलवायला जहाजाचा अधिकारी दारोदार फिरला.

आणखी एक, कारण बुफेच्या रांगेत मी ते रोज पाहत होते. दाराशी ठेवलेलं सॅनिटायझर म्हणजे हात धुणं नव्हे. जहाजांवर उलट्या-जुलाब पसरवणारा नोरोव्हायरस त्याला फारशी दाद देत नाही. तो साबण-पाण्यानंच जातो.

तुम्ही आता काय करायचं ते सांगते. नाताळच्या तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला या आठवड्यात फोन करा. टर्मिनलचं नाव तपासून सांगा. विमान त्याच दिवशीचं असेल तर बदलून द्या. विमा काढला का ते विचारा. गुडघे दुखणाऱ्याला टेंडरबद्दल सांगा, बोट लागणाऱ्याला मधली केबिन बघा. तिकिटाबाहेरच्या खर्चाचा कागद करा आणि त्यावर सही करा. ग्रुपवरचा तो ड्रिलचा मेसेज खोडा आणि त्याच ग्रुपवर, तुमच्या नावानिशी, दुरुस्ती टाका.

आणि आत्याच्या फुकेतच्या सहलीचे पैसे परत करा. त्या सहलीला ती जाऊ शकणार नाही हे तिकीट फाडताना तुम्हाला कळायला हवं होतं. ग्राहक आयोगाकडे द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तुमचं उत्तर पंधरा दिवसांत आलं नाही तर तो दाखल होईल.

आपली माजी गिऱ्हाईक